काचेवरचा आळ

मला एका जागी बसता येत नाही. दूध तापत ठेवलं की तीनदा उठून बघते, रिक्षा सिग्नलला थांबली की उतरून चालत जावंसं वाटतं, आणि कुणी गोष्ट सांगायला लागलं की शेवट आधी विचारते. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी आहे." बाबा म्हणायचे, "पायाला असती तर चाललं असतं, हिच्या डोक्याला आहे." अशा मुलीनं पेशींच्या विभाजनावर पीएच.डी. करायला घेऊ नये. मी घेतली, आणि त्यापायी एका माणसाच्या सव्वीस वर्षांच्या कामाला डाग लावला. तो कसा लावला आणि पुसायला गेले तेव्हा काय झालं, ते आता लिहून टाकायचं आहे. इतकी वर्षं स्वतःलाच सांगत राहिले, त्यानं काही चैन पडलेलं नाही.

दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. बडोद्याला, अकोट्यात आमच्या घराभोवतीचे रिकामे प्लॉट भराभर भरत होते आणि एसटीडी बूथच्या जागी मोबाइलची दुकानं येत होती. बाबा रिफायनरीतून नुकतेच निवृत्त झाले होते, आणि दिवसभर घरात बसून माझ्या लग्नाचा विचार करायला त्यांना वेळच वेळ होता. मी सकाळी आठला स्कूटी काढायचे, विश्वामित्रीचा पूल ओलांडायचे आणि सयाजीगंजात विद्यापीठाच्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पोचायचे. लॅबमध्ये आम्ही सहा जण आणि आमच्या गाइड, मॅडम. मॅडम शिकत होत्या तेव्हा साधं रसायन परदेशातून यायला सहा महिने लागायचे. आता फोन केला की सेल्समन टाय लावून दारात उभा. मॅडमना या सगळ्याचं फार कौतुक होतं, आणि आम्हालाही.

माझं काम सांगायला सोपं होतं. माणसाच्या पेशीतलं एखादं जनुक गप्प करायचं आणि काय अडतं ते बघायचं. पेशीतलं जनुक म्हणजे घरची मालकीणबाई. ती स्वतः चुलीपाशी जात नाही. अमुक प्रथिन बनवा अशी चिठ्ठी लिहून स्वयंपाकघरात पाठवते. आम्ही पेशीत आरएनएचा एक छोटा तुकडा सोडायचो, तो ती चिठ्ठी वाटेतच फाडायचा. चिठ्ठी पोचली नाही की प्रथिन बनत नाही. माझं जनुक पेशीचे दोन भाग होताना लागणारं होतं. ते गप्प केलं की पेशी मध्येच अडायला हवी होती: गोल होऊन, गुणसूत्रं मधोमध रांगेत लावून, पुढे सरकायचं नाव नाही. आणि तशी ती अडतही होती.

पण या कामात खरी परीक्षा दुसऱ्या डिशची असते. तिच्यात कुठलीच चिठ्ठी न फाडणारा, निरर्थक तुकडा सोडतात. हिला कंट्रोल म्हणतात. तिथल्या पेशी नेहमीसारख्या वाढल्या तरच पहिल्या डिशमधल्या अडलेल्या पेशींना काही अर्थ. माझ्या कंट्रोलच्या पेशीही अडत होत्या. सगळ्या नाही, पण इतक्या की पाहणाऱ्यानं दोन्ही डिश माझ्या हातून काढून घ्याव्यात आणि मला घरी पाठवावं.

आमच्या लॅबची काच काका धुवायचे. पन्नाशी ओलांडलेले, शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, बोटांची टोकं ॲसिडानं पिवळी पडलेली. ते जुन्या शहरात, घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत राहायचे. घरचे गुजराती, पण आजूबाजूची निम्मी घरं मराठी, त्यामुळे माझ्याशी ते त्यांच्या पद्धतीचं मराठी बोलायचे. मी त्यांना अहो-जाहो करायचे, ते मला बेन म्हणायचे आणि अगं-तुगं करायचे. पेशींना दिलं जाणारं प्रत्येक द्रव त्यांनी धुतलेल्या बाटलीतून निघायचं आणि त्यांनी धुतलेल्या पिपेटमधून जायचं. आधी साबणाचं पाणी, मग ॲसिड, मग नळाखाली बारा पाणी, मग डिस्टिल्ड वॉटरची तीन. मोजताना कुणी हाक मारली तर उत्तर द्यायचे नाहीत. मोजणं चुकलं असं वाटलं तर पुन्हा पहिल्यापासून. मग प्रत्येक पिपेट खिडकीकडे धरून बघायचे. आत पाण्याचा एकसारखा पडदा उतरला तर काच साफ, थेंब अडकून राहिला तर परत ॲसिडात. दसऱ्याला आम्ही सूक्ष्मदर्शकाला हार घालायचो. काका मात्र आपला हार वेगळा आणायचे आणि धुण्याच्या खोलीतल्या सिंकच्या नळाला घालायचे.

मी त्या खोलीत पाच मिनिटंही टिकायचे नाही. त्यांची ती मोजणी ऐकून माझं डोकं उठायचं.

माझी जागा होती सूक्ष्मदर्शकाची खोली. सूक्ष्मदर्शक नवा, परदेशी. त्याच्या पुस्तकात खोली थंड ठेवा असं लिहिलेलं होतं. मॅडमनी एसी अठरावर लावला आणि रिमोट आपल्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवला. बाहेर बडोदा भाजत असताना आम्ही सगळे काही ना काही निमित्त काढून तिथे जाऊन बसायचो. मला तर निमित्तही लागायचं नाही. पेशी सदतीस अंशांच्या पेटीत असायच्या. मी तासातासाला दार उघडायचे, दोन्ही डिश काढायचे, त्या थंड खोलीत नेऊन भिंगाखाली धरायचे आणि बसायचे. आता अडतील, आता अडतील. एक पेशी गोल होताना दिसली की ती पुढे काय करते हे बघितल्याशिवाय उठवत नसे. अर्धा तास जायचा, कधी जास्त. डिश परत ठेवायची आणि पुन्हा तासाभरानं काढायची.

"बेन, किती वार दार उघडते तू," काका म्हणायचे. पेटीला लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बदलायचं कामही त्यांचंच होतं. "गॅस उडून जाते. जरा शांती राख."

"काका, विज्ञानात बघावं लागतं," मी म्हणायचे. तोंडावर उत्तर तयार असायचं माझ्या.

चार महिने असे गेले. शिष्यवृत्तीची मुदत वर्षावर आली. घरी एक नागपूरचं स्थळ येऊन बसलं होतं, आणि थिसिस कधी होणार हा प्रश्न आता तिकडूनही यायला लागला. दर शनिवारी अकराला लॅबची मीटिंग व्हायची, इंग्रजीत. प्रत्येकानं आठवड्याचं काम दाखवायचं. दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी मी पुन्हा तोच आलेख दाखवला. मॅडमनी चष्मा काढून विचारलं, कंट्रोल का बिघडतोय?

मला माहीत नव्हतं. आणि मला माहीत नाही हे तीन शब्द मला जन्मात कधी जमलेले नाहीत. मी म्हणाले, "काच. काचेत काहीतरी राहतंय, साबण नाहीतर ॲसिड. काकांना आता नीट दिसत नाही."

आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर मला ते एकदम खरं वाटायला लागलं. मी पुढे आणखी दोन पुरावे दिले, तेही तिथेच सुचलेले. बाकीचे पाच जण माना डोलवत होते, कारण त्यांच्याही कामात काही ना काही बिघडलेलं होतं. काका तेव्हा त्याच खोलीत, मागच्या कपाटात बाटल्या लावत होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण ग्लास आणि काका एवढं कळायला इंग्रजी लागत नाही. बाटल्यांचा आवाज थांबला. मॅडमनी मान वळवून गुजरातीत विचारलं, भाई, काच बराबर धुओ छो ने? नीट धुता ना. ते म्हणाले, "हा, मॅडम." बघत होते माझ्याकडे. मी आलेखाकडे बघितलं.

त्यांची एक पिपेट घेऊन, तिच्यात पाणी भरून, ते तपासायला मला दहा मिनिटं लागली असती. ज्या मुलीला दिवसातून दहा वेळा डिश बघायला वेळ होता, तिला ही दहा मिनिटं सापडली नाहीत.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो तर धुण्याच्या खोलीला कुलूप होतं. मॅडम म्हणाल्या, काकांनी स्वतःच बदलीचा अर्ज दिला, परीक्षा विभागात गेले, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावायला. त्यांची जागा पुन्हा भरली जाणार नव्हती. वरून तसं सगळीकडेच चाललं होतं. मॅडमनी लगेच फोन फिरवला आणि आठवड्याभरात प्लास्टिकच्या पिपेटची खोकी आली. एकेक पिपेट वेगळ्या पाकिटात, फाडा, वापरा, फेका. धुण्याची खोली खोक्यांनी भरून गेली. स्वतःच अर्ज दिला हे ऐकून मला हायसं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

प्लास्टिकनं माझा कंट्रोल सुधारला नाही. नोव्हेंबरात नाही, डिसेंबरात नाही. आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं, तर मी रसायनाच्या सेल्समनशी भांडले, पेशींचा साठा बदलला, नागपूरला नकार कळवला आणि आईशी बोलणं सोडलं. आणि आणखी जास्त वेळा डिश काढून बघायला लागले. काय चुकतंय ते नेमकं कुठल्या तासाला चुकतं हे पकडायचं होतं मला.

मग उत्तरायण आलं, म्हणजे आपली संक्रांत. बडोद्यात उत्तरायणाचे दोन दिवस कुणी काम करत नाही. चौदाला पतंग, पंधराला वासी उत्तरायण म्हणून पुन्हा पतंग. मी तेराच्या संध्याकाळी डिशमध्ये आरएनएचे तुकडे सोडले. चौदाला सगळे गच्चीवर असताना गुपचूप येऊन बघू, असा बेत होता. सकाळी स्कूटीवर मांजा लागू नये म्हणून गळ्याला ओढणी गुंडाळून गेले, तर इमारतीच्या जाळीच्या दाराला कुलूप. चौकीदार खुर्ची टाकून तिळाची चिक्की खात बसला होता. "दो दिन सब बंद है, बेन," तो म्हणाला. मी त्याला पेशी, तास, शिष्यवृत्ती सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला चिक्की देऊ केली.

ते दोन दिवस मी कसे काढले मलाच ठाऊक. अकोट्यातल्या सगळ्या गच्च्या भरलेल्या, स्पीकर ठणाणत होते, दर मिनिटाला कुठून तरी पतंग कापल्याची "काप्यो" अशी आरोळी. बाबा फिरकी धरून उभे होते आणि शेजारचे गुजराती गृहस्थ त्यांना पतंग उडवायला शिकवत होते, दरवर्षीसारखे. आईनं तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, "गोड बोल, निदान आजचा दिवस." मी उंधियोच्या भाजीची ताटली हातात घेऊन गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होते. सगळे वर बघत होते आणि मी घड्याळाकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन चौकीदाराला विचारून आले. तो म्हणाला, "कल आना."

सोळाला त्याच्याही आधी मी दारात हजर होते. डिश काढल्या, पेशी रसायन घालून होत्या तशा थिजवल्या, रंग दिला आणि भिंगाखाली धरल्या. पहिल्या डिशमधल्या पेशी अडलेल्या, गोल, गुणसूत्रं रांगेत. कंट्रोलमध्ये पेशी पसरून वाढलेल्या, नुकत्या विभागलेल्यांच्या जोड्या शेजारी शेजारी, आणि अडलेल्या अगदी तुरळक, असाव्यात तेवढ्याच. सात महिन्यांत पहिल्यांदा कंट्रोल कंट्रोलसारखा दिसत होता. मी जागेवरच दोन उड्या मारल्या. मॅडमना सांगायला धावत निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले, कारण मॅडम विचारणार होत्या, या वेळी वेगळं काय केलंस?

काहीच केलं नव्हतं. रसायनं तीच, प्लास्टिक तेच, पेशी त्याच. फक्त मी आले नव्हते. दोन दिवस ते दार कुणी उघडलं नव्हतं.

गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेणारे धागे थंडीत विरघळतात. हे मला माहीत होतं, बी.एस्सी.ला मी यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलेलं होतं. सदतीस अंशांत वाढणाऱ्या पेशी मी तासातासाला अठरा अंशांच्या खोलीत नेऊन अर्धा अर्धा तास बसवत होते, आणि मग पेशी विभागत का नाहीत म्हणून जगाला विचारत होते.

तरी खात्री करायची होती. काकांनी धुतलेल्या पिपेट आणि बाटल्या कपाटात तशाच होत्या, तपकिरी कागदात गुंडाळलेल्या, कागदाच्या घड्या अजून कडक. त्या काढल्या. फक्त त्या काचेनं कंट्रोलच्या तीन डिश केल्या. एक दोन दिवस पेटीतून हलवली नाही, दुसरी दोनदाच बाहेर काढली, आणि तिसरीला माझ्या नेहमीच्या फेऱ्या घडवल्या. जी हलवली नाही तिच्यातल्या पेशी सुरेख वाढल्या होत्या. तिसरीत निम्म्याहून जास्त अडलेल्या. तीनदा करून बघितलं. काच पहिल्यापासून साफ होती.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांना आनंदच झाला. कारण सापडलं, आता थिसिस लिहायला घे, म्हणाल्या. मी काकांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "जे झालं ते झालं. ते तिथे सुखात आहेत, काम हलकं आहे. आणि प्लास्टिक तर येणारच होतं ना, आज नाही तर उद्या?" यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला ते सोयीचं पडलं. मी थिसिसचं पहिलं प्रकरण लिहायला बसले. वाक्य लिहायचं, उठायचं, पाणी प्यायचं, वाक्य खोडायचं. परीक्षा विभाग आमच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर होता. तिथे जायचं म्हणून तीनदा निघाले आणि तीनदा चहा पिऊन परत आले. मला भीती वाटत होती. सहा जणांसमोर आळ घेताना वाटली नव्हती, तेवढी.

शेवटी एका रविवारी सकाळी स्कूटी घडियाळी पोळाच्या तोंडाशी लावली आणि विचारत विचारत घर शोधलं. काका ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मला बघून गडबडले, आत नेलं, पंखा लावला. काकी चहा टाकायला गेल्या. मी बसलेच नाही. उभ्या उभ्याच विचारलं, "काका, तुम्ही अर्ज का दिलात?"

"तू बोलली ना, बेन," ते म्हणाले. अगदी साधेपणानं. "त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो. ते बोले मोतीबिंदू कच्चा आहे, घाई नाय. मी बोललो काढी नाखो, काढूनच टाका. दिवाळीतच काढला. पण मनमां भीती बसली. माझे हाताने पेशी मरे, तर ते पण जीवच ना. पाप लागे. म्हणून बोललो, मला कागदाचं काम द्या."

"तुम्हाला वाटलं, मी बोलले ते खरं?"

"तू भणेली, शिकलेली. मी बाटली धुणार. तू बोलते तर बराबरच असणार ना."

मी सगळं सांगितलं. पेटी, थंड खोली, उत्तरायण, त्यांच्या पिपेट, तीन डिश. घाईघाईत, उलटसुलट, रडत. काकी चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या होत्या. माझं संपल्यावर काकांनी विचारलं, "म्हणजे काच साफ होती?"

"होती."

मला वाटलं, आता म्हणतील असू दे, चहा घे. मी त्याच्यासाठीच आले होते, हे मला तिथे उभी असताना कळलं. ते म्हणाले, "बेन, तू सगळ्यांचे सामने बोलली होती. तर सामने सांग. इथे सांगून शुं फायदा? या घरात तर कोणी माझी काच मैली बोलतच नाय."

चहा न पिता मी निघाले, आणि खरं सांगायचं तर पुलापर्यंत मला त्यांचाच राग येत होता. एवढी घरी गेले, एवढी रडले, आणखी काय करायचं माणसानं? घरी जाऊन आईवर खेकसले. संध्याकाळी राग उतरला आणि मग काहीच उरलं नाही, त्यांचं म्हणणं तेवढं उरलं.

सोमवारी परीक्षा विभागात जाऊन त्यांना म्हटलं, शनिवारी अकराला या. मॅडमना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या नसत्या, पण कसं सांगायचं ते त्यांनी ठरवलं असतं.

काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, बाह्या मनगटापर्यंत बंद. तासाभराची रजा टाकली होती. मी त्यांना पुढची खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत ते त्या खोलीत बसलेले मी काय, मॅडमनीही बघितले नसावेत. मॅडमनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि वही उघडली.

मी आलेख लावला आणि बोलले. चांगलं बोलले. तापमानाचा परिणाम, धाग्यांचं विरघळणं, तीन डिशची तुलना, काचेच्या सामानात कुठलाही दोष आढळला नाही हा निष्कर्ष. पाच मिनिटं, स्वच्छ इंग्रजीत. एकानं प्रश्न विचारला, त्याला उत्तर दिलं. मॅडम म्हणाल्या, व्हेरी गुड, नेक्स्ट. पुढचा मुलगा उठलासुद्धा. मी घाम पुसत होते आणि मला वाटत होतं, सुटले.

"बेन," काका म्हणाले. हात गुडघ्यांवर तसेच. "आता मला समजेल असं बोल."

उठलेला मुलगा परत बसला. त्या पाच मिनिटांत मी स्वतःचं नाव एकदाही घेतलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मी आलेख बंद केला. कुठे बघावं कळेना, मग त्यांच्याकडेच बघितलं.

"काका, तुमची काच साफ होती," मी म्हणाले. "पहिल्यापासून साफ होती. पेशी माझ्यामुळे बिघडत होत्या. मला दम निघत नव्हता म्हणून मी त्यांना सारखी थंडीत काढत होते. मला कारण माहीत नव्हतं, आणि ते कबूल करायची लाज वाटली, म्हणून मी तुमचं नाव घेतलं. तपासून न बघता घेतलं. मी खोटं बोलले."

काकांनी मान हलवली. मग वळून त्यांनी एकेकाकडे बघितलं, पाचही जणांकडे आणि शेवटी मॅडमकडे. "सांभळ्युं ने बधाए?" ऐकलं ना सगळ्यांनी. माना हलल्या. मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "हा, भाई. सांभळ्युं." ते उठले, खुर्ची होती तिथे नीट सरकवली आणि बाहेर गेले.

मी त्यांच्या मागे धावले. जिन्यापाशी गाठलं. "काका, परत या," मी म्हणाले. "मी मॅडमशी बोलते, अर्ज मी लिहून देते, त्या नाही म्हणणार नाहीत. सोमवारपासून या."

ते थांबले. जिन्याशेजारीच धुण्याची खोली होती, दार उघडं. आत छतापर्यंत खोकी, सिंकमध्येसुद्धा खोकी रचलेली. दाराशी कचऱ्याचा मोठा डबा होता, आठवडाभराच्या वापरलेल्या पिपेट आणि फाडलेल्या पाकिटांनी वर येईपर्यंत भरलेला. त्यांनी वाकून त्यातली एक पिपेट उचलली, सवयीनं खिडकीकडे धरली, आणि परत डब्यात टाकली.

"धुवायला काय ठेवलं तू, बेन?" ते म्हणाले.

ते रागावून बोलले नव्हते, खरंच विचारत होते. त्यांची तासाची रजा संपत आली होती. ते कठड्याला धरून, नव्या डोळ्यांनी एकेक पायरी बघत जिना उतरून गेले.